सिमेंटचा डफ

घर बांधून झालं की त्याच्या तोंडावर दागिने चढवायचे, हा माझा धंदा. खांबाच्या डोक्यावरची पानं, खिडकीवरची कमान, गॅलरीखालचे हत्ती, गच्चीच्या कडेची वेल, हे सगळं सिमेंटात ओतून मी लावून देत आले. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून अनसिंगला घरच्या अंगणात बसून साचे तेवढे करते. परांचीवर दुसरे चढतात आणि वाकडं लावतात. दिवाळी अंकाची मंडळी घरी आली आणि म्हणाली, बाई, तुमच्या कामातल्या गमती लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली आहे. ते म्हणाले, चालेल. आता चालवून घ्यावं.

काम कसं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाटावर चिकणमातीचा थर द्यायचा आणि जी वस्तू हवी ती त्यात उठवायची. मातीची वस्तू मनासारखी झाली की तिच्यावरून साचा घ्यायचा. साच्याला आतून तेल लावायचं, मग सिमेंट आणि चाळलेली वाळू ताकासारखी पातळ कालवून पहिला हात, आणि इडलीच्या पिठासारखी घट्ट करून दुसरा. मध्ये लोखंडी तार. वाळलं की काढायचं, घासायचं, भिंतीला बोल्टनं आवळायचं. माझ्या माहेरी महालक्ष्म्यांचे मुखवटे करत. ज्या हाताला मुखवट्याचं नाक जमतं त्याला हत्तीची सोंडही जमते. शिक्षण एवढंच.

गिऱ्हाईक मात्र सगळ्या तऱ्हेचं भेटलं. एका मास्तरांनी फाटकावर सिंह मागितले, पण समोरच राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या सिंहांपेक्षा मोठं तोंड उघडलेले. मी करून दिले. मग भाऊ आला. त्याला त्याहून मोठं तोंड पाहिजे होतं. शेवटी त्या गल्लीतल्या सिंहांच्या घशात चिमण्या घरटी करायला लागल्या आणि दोघं भाऊ गप्प झाले. मानोरा गावच्या एकानं पाण्याच्या टाकीला ट्रॅक्टरचं रूप द्यायला सांगितलं. दिलं. त्यानं वर चढून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, स्टेरिंग राह्यलं."

वाद्यं करायला मी शिकले ती गुलाबभाऊमुळे. गुलाबभाऊ म्हणजे आमच्या गावचे बँडमास्तर. लग्नसराईत ते साहेबासारखे दिसतात, एरवी शेतात असतात. त्यांनी फाटकाच्या खांबावर त्यांचं पितळी वाजप मागितलं, तोंडानं फुंकायचं आणि तीन खटके दाबायचे ते. मी केलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"शेवंताबाई, ह्याले तोंड कुठं लावू?"

"गुलाबभाऊ, सिमेंटचं आहे ते. वाजणार नाही."

"वाजू नोको म्हना. पन वाजन असं तं दिसलं पाह्यजे."

मला राग आला. पण त्यांनी खरं वाजप आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि बोट धरून फिरवून दाखवलं, वारा कुठून आत जातो, कुठून फिरतो, कुठून बाहेर पडतो. मी सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून कुठलंही वाद्य करायचं तर ते वाजेल असंच दिसावं, ही माझी खोड झाली. या खोडीनंच पुढे मला अडचणीत आणलं.

वाशीमचे प्रकाशशेठ भांड्यांचे व्यापारी. जैन घर, माणसं सज्जन. दुकानाच्या माडीवर आयुष्य काढलं आणि मग गावाबाहेर बंगला बांधला. पुढे चार गोल खांब, खांबांवर मोठा त्रिकोण, त्रिकोणाखालून दार. नागपूरच्या एका मॅडमनी नकाशा केला होता. त्रिकोण मोकळा ठेवायचा नव्हता, म्हणून मॅडमनी त्यात भरायचं चित्र मोठ्या कागदावर काढून पाठवलं.

मी कागद ओट्यावर पसरला. वर फितीची गाठ. त्या फितीला खाली काय काय टांगलेलं: सारंगीच्या जातीचं एक, एकमेकांवर आडवे दोन कर्णे, एक बासरी, बैलाच्या शिंगांसारख्या दोन दांड्यांमध्ये तारा ताणलेलं एक काहीतरी, झांजा लावलेला डफ, आणि सगळ्यांच्या मध्ये एक फुगलेली पिशवी. पिशवीला वर चार नळ्या. भोवती कुरळी पानं. वाजवणारे जेवायला गेले असावेत, अशी सगळी वाद्यं खुंटीला लावलेली.

मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, हे काय आहे? लग्नघर आहे का?"

मॅडम हसल्या. मुलगी चांगली होती, माझ्या अज्ञानावर कधी चिडली नाही. म्हणाली, "आजी, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजवाड्यांच्या भिंतींवर अशी वाद्यं काढायची पद्धत होती. घरात संगीत आहे, सुख आहे, असा त्याचा अर्थ. त्यांनी ती त्याहून जुन्या देवळांवरून उचलली. आपण त्यांच्यावरून उचलतोय."

सगळेच उचलतात म्हटल्यावर मला बरं वाटलं. "आणि मधलं गाठोडं?"

"तेही वाद्यच आहे. काखेत धरून दाबायचं, नळ्यांतून सूर निघतो. तिकडचे मेंढपाळ वाजवायचे."

शेठच्या घरात वाजवणारं कोणी नव्हतं. रेडिओसुद्धा दुकानात होता. पण खिडकीला कमान असते म्हणून तिच्यातून कोणी हत्तीवर बसून जात नाही. दागिन्याला काम विचारायचं नसतं.

कागदावरचं चित्र सिमेंटात आणताना काही गोष्टी बदलाव्या लागतात. कागदावर तार केसासारखी असते, सिमेंटात ती सुतळीएवढी केली तरच टिकते. चित्र आपण समोरून पाहतो, त्रिकोण खालून. म्हणून वरच्या वस्तू थोड्या मोठ्या करायच्या आणि पुढे झुकवायच्या, नाहीतर खालून नुसत्या कडा दिसतात. रंग द्यायचा नसतो, सावलीच रंगाचं काम करते. डफ मी खोल केला. त्याचं कातडं कडेला खिळ्यांनी ओढून बसवलेलं, मध्ये थाप पडून पडून जरा सैल झालेलं, असं केलं. गुलाबभाऊंचा जुना डफ मी समोरच ठेवला होता. पिशवी समोर ठेवायला मिळाली नाही, ती मनानं केली. गुबगुबीत, चुण्या पडलेली, एका अंगाला कलंडलेली. दोन महिने गेले. बसवल्यावर रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून पाहायला लागले. मीही पाहत होते.

मग शेठच्या आई घर पाहायला आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. माझ्याच वयाच्या, अंगानं वाळक्या, तोंडानं माझ्यासारख्याच. रिक्षातून उतरून पायरीपर्यंत आल्या आणि वर पाहून तिथंच थांबल्या.

"हे काय टांगलं?"

"वाद्यं आहेत, मोठ्या बाई," मी म्हटलं.

"तो डफ हाय न?"

"हो."

"डफाले काय लावतात?"

शेठ मध्ये पडले. "आई, सिमेंटचा हाय तो."

"मी तुले इचारलं नाई. शेवंता, डफाले काय लावतात?"

मला खोटं बोलता येतं, पण त्या बाईसमोर नाही. "चामडं," मी म्हटलं.

"आन् ते मधातलं?"

"ती पिशवी आहे. वाजवायची."

"पिशवी नाई ते. बोकड हाय. पाय वर करून पडला."

त्या म्हणेपर्यंत कोणाला दिसला नव्हता. म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेना. चार नळ्या म्हणजे चार पाय. शेठनाही दिसला. गवंडी तोंड फिरवून हसायला लागला.

"डोक्यावर चामडं घेऊन मी घरात जाऊ काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आन् महाराज कसे येतीन?" त्याच रिक्षात बसून त्या परत गेल्या.

या महाराजांचं सांगायला हवं. जैन मुनी पावसाळ्याचे चार महिने एकाच गावी राहतात, आणि त्या वर्षी एक महाराज वाशीमात होते. दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही लोकांच्या दारी. ज्यांना त्यांना जेवू घालायचं असतं ती घरं शुद्ध स्वयंपाक करून दारात उभी राहतात. चामडं त्या ठिकाणी चालत नाही, पाकीट आणि पट्टासुद्धा लांब ठेवतात. आणि महाराज सकाळी निघताना मनात काहीतरी धरून निघतात, की अमुक दिसलं तरच थांबायचं. काय धरलंय ते कोणाला सांगत नाहीत. ते कुठेच दिसलं नाही तर उपाशी परत जातात. मोठ्या बाईंच्या घरी आजवर एकदाही महाराज थांबले नव्हते. माडीचा जिना अंधारा, खाली दुकानाची गर्दी. नव्या घराच्या दारात एकदा तरी थांबावेत, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठीच शेठनी बंगला बांधला, असं म्हटलं तरी चालेल.

शेठ मला म्हणाले, "शेवंताबाई, सगळं उतरवा."

"उतरवते. मग त्रिकोणात बोल्टांची भोकं राहतील. बोकडापेक्षा बरी दिसतील का बघा."

आईपुढे शेठचं चालत नसे आणि माझ्यापुढेही चाललं नाही. मी दुकानाच्या माडीवर गेले. मोठ्या बाई डाळ निवडत बसल्या होत्या. मीही ताटाजवळ बसले.

"मोठ्या बाई, चातुर्मासात तुम्ही पालेभाजी खात नाही ना?"

"नाई खात."

"त्या त्रिकोणात पानंच पानं आहेत. ती चालतात?"

"पानं काय खाची हायेत?"

"मग डफ काय वाजवायचा आहे?"

त्यांचा हात डाळीत थांबला. मग पुन्हा चालू झाला. "पानं नुसती दिसतात. चामडं दारात असलं तरी बाधते."

"सिमेंटचं चामडं?"

"तूनंच इतकं खरं करून ठेवलं. आता सिमेंट म्हनू नोको."

त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "वाजवनारा कोनी असन तं आन. आजकाल काय लावतात ते त्याले इचारू. पन खरं सांगनारा आन, तुया सांगकाम्या नोको."

मी गुलाबभाऊंना आणलं. वाशीमला जायचं म्हणून ते बँडची लाल पँट घालून आले. मोठ्या बाई बंगल्याच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्रिकोणापासून लांब. त्यांनी आधी गुलाबभाऊंच्या कमरेकडे पाहिलं.

"पट्टा कायचा?"

"चामड्याचा हाय, माय."

"थो काढून रस्त्यापलीकडं ठेव. पाकीट बी."

पट्टा गेला तशी पँट सैल झाली. गुलाबभाऊंनी एका हातानं पँट धरली आणि दुसऱ्या हातानं वर दाखवत जबानी द्यायला लागले.

"कर्णे?"

"पितळी."

शेठ भांडीवाले, पितळेला हरकत नव्हती.

"बासरी?"

"बांबूची."

"सारंगीची तार?"

"आता पोलादाची, माय. पह्यले आतड्याची राह्यत जाय."

"पह्यलेचं तुले कोन इचारलं?"

शिंगांच्या दांड्यांचं वाद्य गुलाबभाऊंनी कधी पाहिलं नव्हतं, पण तार पोलादाची असेल आणि दांड्या लाकडाच्या, असं त्यांनी सांगितलं. मग डफ आला. माझा जीव तिथं अडकला होता, कारण सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

"डफ?"

"माय, आमच्या बँडात आता एकबी चामड्याचा नाई. पान्यानं ढिला पडते, मंग शेकत बसा लागते. सारं प्लास्टिक." हे दाखवायला त्यांनी दोन्ही हातांनी डफ धरल्यासारखं केलं आणि लगेच पँटीकडे धावले.

"खरं?"

"माया मुलाच्या लग्नात बी प्लास्टिकचाच वाजला."

मोठ्या बाईंनी डोळे बारीक करून वर पाहिलं. पटलेलं दिसत नव्हतं, पण साक्ष झाली होती. "आन् बोकड?"

गुलाबभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. "मी हे कधी वाजवलं नाई," ते म्हणाले. "पन एकदा मोठ्या बँडात पाह्यलं. जवळून पाह्यलं."

"पिशवी कायची होती?"

"चामड्याची, माय."

"मानूस खरा हाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकीचं राहू दे. बोकड काढ."

बोकड काढणं सोपं नव्हतं. तो मधोमध होता आणि बाकीची वाद्यं त्याच्यावर रेललेली. तो गेला तर सगळं फितीला नुसतं लोंबलं असतं. मी दुपारभर खाली बसून त्याच्याकडे पाहत राहिले. गोल पोट, वर चार नळ्या. शेठच्या दुकानात आयुष्यभर जे विकलं गेलं ते समोरच होतं. पोट म्हणजे कलश, नळ्यांची पानं करायची, मध्ये नारळ बसवायचा.

हे काम वर चढूनच करावं लागणार होतं आणि दुसऱ्याच्या हाती छन्नी द्यायची माझी तयारी नव्हती. गवंड्यानं मला परांचीवर कसं चढवलं ते लिहीत नाही. वर पोचले आणि पिशवीच्या चुण्या तासायला लागले. मोठ्या बाई खालून खुर्चीवरून सांगत होत्या.

"पोट कमी कर."

"करते आहे."

"अजून बोकडच दिसते."

"मान खाली घालून बसा, मग दिसणार नाही."

"नारय वाकडा बसून राह्यला."

नारळ खरोखर वाकडा होता. सरळ केला. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन. "आजी, वाद्यांमध्ये कलश कुठून आला?"

"जलतरंग समजा," मी म्हटलं. मॅडम हसल्या. नंतर त्यांनीच सांगितलं की पिशवीपेक्षा हे बरं दिसतं. माझ्या मनात अजूनही पिशवी बरी होती. चुण्या फार चांगल्या साधल्या होत्या.

चौका लागला, म्हणजे महाराजांसाठीचा शुद्ध स्वयंपाक नव्या घरात सुरू झाला. मोठ्या बाई पहाटे माडीवरून यायच्या, मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायच्या आणि आहाराच्या वेळी फाटकात उभ्या राहायच्या. पहिल्यांदा कलश हातात घेतला. महाराज समोरून गेले, थांबले नाहीत. दुसऱ्यांदा श्रीफळ. त्याच रस्त्यानं आले आणि पुढच्या घरी थांबले. मग गावात बोलणं सुरू झालं, दारावर ढोलताशे लावल्यावर साधू कसा थांबेल. शेठचा मला फोन आला. आवाज पडलेला. "शेवंताबाई, आई म्हणते, उद्या नाही थांबले तर सगळं उतरवायचं."

दुसऱ्या दिवशी मी छन्नी-हातोडा पिशवीत घालून सकाळच्या गाडीनं वाशीमला गेले. गुलाबभाऊ बरोबर होते. या वेळी कमरेला नाडा बांधून आले होते. आम्ही रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहिलो. फाटकात शेठ कलश घेऊन, सूनबाई नारळ घेऊन. मोठ्या बाईंच्या हातात काहीच नव्हतं. सगळं धरून झालं होतं, आता नुसते हात जोडून उभ्या होत्या.

महाराज आले. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली, नजर जमिनीवर. "नमोस्तु, नमोस्तु," मंडळी म्हणायला लागली. महाराज फाटक ओलांडून पुढे गेले. मी पिशवीतल्या हातोड्याला हात लावला. पुढच्या घराशी ते क्षणभर थांबले, वळले, परत आले. मान वर केली. वर त्रिकोणाकडे पाहिलं की समोर मोठ्या बाईंकडे, ते रस्त्यापलीकडून कळत नव्हतं. आणि उभे राहिले.

मोठ्या बाई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. शेठनी त्यांना कोपरानं ढोसलं. मग तीन प्रदक्षिणा झाल्या, आणि महाराजांना आत न्यायचं तर समोरच्या दारानंच न्यावं लागतं. मोठ्या बाईंनी पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि डफाखालून आत गेल्या.

आहार झाला, महाराज गेले, मग वाद सुरू झाला. सूनबाई म्हणाल्या, माझ्या हातातला नारळ. शेठ म्हणाले, आईचे रिकामे हात. गुलाबभाऊ म्हणाले, डफ, दुसरं काय. मी म्हटलं, कलश, पण हातातला नाही, वरचा. मंदिरात जाऊन विचारायला शेठ निघालेच होते. मोठ्या बाईंनी त्यांना बसवलं.

"इचाराचं नाई. थांबले न?"

छन्नी पिशवीतच राहिली. त्यानंतर माझ्याकडे वाद्यं आणि मधोमध कलश मागणारी आणखी घरं आली. ती मी भराभर केली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आता तर थर्माकोलवर मशीननं कापलेली नक्षी गाडीत भरून येते. गुळगुळीत, हलकी, एका दिवसात घर सजतं. माझे साचे अंगणात पालथे पडलेत, कोंबड्या त्यांच्यावर बसतात.

मोठ्या बाई त्या बंगल्यातच राहतात. वाशीमला गेले की मी तिकडून जाते. एकदा त्या मंदिरातून परत येताना दिसल्या. पायरीशी थांबल्या, पदर डोक्यावर ओढला, मान खांद्यात घेतली आणि झपझप आत शिरल्या. शेठ दारातच होते. म्हणाले, "आई, कितीदा सांगू, प्लास्टिकचा हाय."

"मले मालूम हाय," आतून आवाज आला.

माझ्या सिंहांना कोणी घाबरलं नाही. माझ्या हत्तींखाली लोक सायकली लावतात. सिमेंटच्या डफाखालून मान चोरून जाणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं.